सर्दी, फ्लू, ॲलर्जी, दमा की टीबी? एकाच घरातले तीन खोकले

ताईंनी काय विचारलंय ते आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. घर जामनेरकडचं, शेती कपाशीची, घरात तीन जण खोकताहेत. मिस्टर चाळीशीच्या आतले, दिवाळीपासून रोज सकाळी उठले की शिंकाच शिंका, नाकातून पाणी, ताप अजिबात नाही, आणि सीझनला जिनिंगमध्येपण, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करतात त्या कारखान्यात, कामाला जातात. मुलगा सात वर्षांचा, सर्दी झाली की नाक चार-पाच दिवसांत कोरडं होतं पण रात्रीचा खोकला तीन-तीन आठवडे चालतो. आणि सासरे, म्हणजे आबा, पासष्टीचे, बिडी सोडून दोनेक वर्षं झालीत, शुगर आहे, बीपीची गोळी चालू, तीन आठवड्यांपासून खोकला आणि संध्याकाळी अंगात कणकण. मेडिकलवर जाऊन सांगितलं तर तिघांनाही एकच पुडी मिळाली, त्यात एक अझिथ्रोमायसिन ही ॲंटिबायोटिक, एक लिव्होसेट्रिझिन-मॉन्टेलुकास्ट ही ॲलर्जीची गोळी आणि एक बारीक पांढरी गोळी जिचं नाव पट्टी कापल्यामुळे वाचताच येत नाही. आता ताई विचारतात की हे तिघांचं एकच आहे का वेगवेगळं, आणि आपल्याला घरी कसं कळणार.

वेगवेगळं आहे ताई. आणि तपासल्याशिवाय नक्की नाव देणार नाही, पण तुम्ही जेवढं लिहिलंय त्यावरून सगळ्यात आधी आबांना घेऊन निघा, मुलगा दुसरा, मिस्टर सगळ्यात शेवटी. तुमच्या लिहिण्यात क्रम उलटा आहे कारण शिंकांचा आवाज मोठा असतो, आबांची कणकण कुणाला ऐकू येत नाही.

मुळात घोळ का होतो ते सांगतो. नाकाला, घशाला आणि छातीला फार काही करताच येत नाही हो. नाक वाहणार, चोंदणार, शिंकणार, घसा दुखणार नाहीतर खवखवणार, छाती खोकणार नाहीतर आवळणार, संपलं. व्हायरस आला तरी हेच, कपाशीची धूळ गेली तरी हेच, टीबी असला तरी खोकलाच. म्हणून "खोकला आहे" एवढं सांगून काहीच कळत नाही, आम्हालाही नाही. आम्ही विचारतो ते सगळं वेळेचं असतं, कधी सुरू झालं, एकदम का हळूहळू, दिवसाच्या कुठल्या टायमाला वाढतं, किती दिवस झाले, कुठं गेल्यावर कमी होतं. लोक या प्रश्नांना कंटाळतात, "डॉक्टर, मशीन लावून बघा ना" म्हणतात, पण अर्धं निदान तिथंच होऊन जातं.

साधी सर्दी घ्या आधी. बहुतेक वेळा ऱ्हायनोव्हायरस नावाचा व्हायरस, घरातल्या कुणाकडून तरी आलेला, लागण झाल्यावर एक ते तीन दिवसांत लक्षणं दिसतात. आधी घसा खवखवतो, मग नाक वाहतं, मग चोंदतं, शिंका, थोडा खोकला, मोठ्या माणसाला ताप नसतोच किंवा अगदी बारीक, लहान मुलांना मात्र येऊ शकतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त त्रास आणि सात ते दहा दिवसांत बरं. खोकला एकटा मागं राहतो कधीकधी दोन-तीन आठवडे, त्यानं घाबरायचं नाही, रोज थोडा थोडा कमी होत असेल तर. आणि एक गैरसमज इथंच काढून टाकतो, शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे इन्फेक्शन पिकलं, आता ॲंटिबायोटिक पाहिजे, असं नाही. साध्या व्हायरल सर्दीतसुद्धा चौथ्या-पाचव्या दिवशी रंग बदलतो, आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे. रंगापेक्षा दिवस मोजा. दहा दिवस झाले तरी उतार नाही, किंवा बरं वाटायला लागलं होतं आणि सहाव्या-सातव्या दिवशी परत ताप चढला, एका बाजूचा गाल किंवा कपाळ ठणकतंय, खाली वाकलं की जास्त दुखतं, तर मग सायनसचं बघावं लागतं.

फ्लूची गोष्ट एकदम वेगळी. सर्दी पाय घासत येते, फ्लू दार ढकलून येतो. माणूस दुपारी तीनला निंदायला वावरात असतो आणि संध्याकाळी सहाला दोन गोधड्या घेऊन कुडकुडतोय, १०२-१०३ ताप, डोकं, पाठ, पिंडऱ्या सगळं ठेचल्यासारखं, कोरडा खोकला, आणि नाकाची तक्रार त्यामानानं कमी. पेशंटला विचारलं की "कधीपासून?" तर फ्लूवाला तास सांगतो, सर्दीवाला म्हणतो "असेल तीन-चार दिवस". ताप तीन-चार दिवसांत उतरतो पण अशक्तपणा दोन आठवडे राहतो. आपल्याकडे फ्लूचे दोन सीझन असतात, एक पावसाळ्यात आणि तो ओसरताना, दुसरा जानेवारी ते मार्च. २००९ साली स्वाइन फ्लू म्हणून जो आला, देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला होता, तोच एच-वन-एन-वन आता नेहमीच्या हंगामी फ्लूमध्ये धरला जातो, पण म्हणून तो मऊ झाला असं नाही. गरोदर बाई, पासष्टीच्या पुढचे, पाच वर्षांच्या आतली मुलं, शुगर-दमा-किडनीवाले यांनी "बघू दोन दिवस" करू नये कारण ओसेल्टामिव्हिर नावाचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर जास्त उपयोगी पडतं. कोविडचं म्हणाल तर आता तो कधी सर्दीसारखा, कधी फ्लूसारखा दिसतो, वास अचानक जाणं ही त्याची जुनी खूण आताशा फार दिसत नाही, टेस्टशिवाय सांगता येत नाही आणि सांगू पण नये.

आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जोराचा ताप, अंगदुखी, डोळ्यांच्या मागं दुखणं, पण नाक कोरडं आणि खोकला नाही, तर फ्लू धरून बसू नका, डेंग्यूची तपासणी करा, आणि तोवर पॅरासिटामॉल सोडून दुसरी दुखण्याची गोळी घेऊ नका.

आता मिस्टरांकडे येतो. ॲलर्जीची सगळ्यात भरवशाची खूण शिंका नाही, खाज आहे. नाकात खाज, डोळ्यांत खाज, टाळूला खाज, कानात आत कुठंतरी खाज जिथं बोट पोचत नाही. सर्दी-फ्लूमध्ये डोळे जळजळतील, पण चोळचोळ चोळावेसे वाटत नाहीत. दुसरं, पाणी. ॲलर्जीचं नाक नळासारखं पातळ स्वच्छ पाणी सोडतं आणि दिवसेंदिवस तसंच राहतं, घट्ट होत नाही. तिसरं, शिंका एक-दोन नाही तर लड लागल्यासारख्या, दहा-पंधरा एका दमात, आणि बहुतेक सकाळी उठल्यावर. ताप नाही, अंग दुखत नाही. आणि कॅलेंडर. व्हायरस दहा दिवसांवर राहत नाही, ॲलर्जी महिना महिना राहते आणि दरवर्षी त्याच सुमाराला येते. मिस्टरांना विचारा, मागच्या दिवाळीलापण असंच झालं होतं का? मला वाटतं हो म्हणतील.

दिवाळीच का, तर आपल्याकडे त्या सुमाराला सगळंच एकदम येतं. पावसाळ्यात वाढलेलं गाजरगवत बांधावर, रस्त्याच्या कडेला, पडीक वावरात फुलून पांढरं झालेलं असतं आणि त्याचे परागकण हवेत असतात, या गवतानं नुसत्या शिंका नाही तर हातापायाला, मानेला खाजरं इसबपण होतं. साफसफाईत माळ्यावरची वर्षभराची धूळ खाली येते. आणि थंडी पडली की पेटीतल्या गोधड्या निघतात. या गोधड्यांचं जरा सविस्तर सांगतो कारण लोक इथं फसतात. घरातल्या धुळीत, गाद्या-उशांत डोळ्याला न दिसणारे किडे असतात, डस्ट माइट, ते आपल्या कातडीच्या कोंड्यावर जगतात आणि त्यांच्या विष्ठेची आपल्याला ॲलर्जी होते. पावसाळ्याच्या दमट हवेत वाढलेले, जून ते ऑक्टोबर पेटीत बंद, आणि मग ती गोधडी रात्रभर नाकावर. सकाळी शिंका येणार नाहीत तर काय होईल? नुसतं उन्हात टाकून भागत नाही, गरम पाण्यात, साठ डिग्रीच्या आसपासच्या, धुऊन मग कडक वाळवा. एक प्रयोग फुकटातला आहे. मिस्टरांना आठ दिवस धुतलेली चादर-उशी द्या, बाकी काही बदलू नका. सकाळ सुधारली तर अर्धं उत्तर मिळालं. तसंच उन्हाळ्यात मे महिन्यात शिंकणारे असतात, त्यांचा कुलर बघा. मागच्या वर्षीचं गवत तसंच, त्याला बुरशीचा कुबट वास, आणि ४४-४५ डिग्रीत तोच वारा तोंडावर घेऊन रात्रभर झोपायचं. गवत दरवर्षी बदला, टाकी आठवड्याला धुवा, औषधापेक्षा जास्त फरक पडतो.

पण जिनिंगचं वेगळं बघावं लागेल. कापसाच्या धुळीनं होणारा एक छातीचा आजार असतो, बिसिनोसिस म्हणतात, त्यात शिंका नाही तर छाती आवळते, दम लागतो, आणि गंमत म्हणजे सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त, मग आठवडा जाईल तसं कमी. ॲलर्जीचं उलट असतं, धुळीत जितके दिवस जास्त तितका त्रास साठत जातो. सुरुवातीला काम सोडलं की छाती मोकळी होते, वर्षानुवर्षं तसंच रेटलं की मग मोकळी व्हायची थांबते. तेव्हा मिस्टरांना विचारा, नाक का छाती? सुट्टीच्या दिवशी काय होतं? छाती म्हणाले तर फुंकायची टेस्ट, म्हणजे स्पायरोमेट्री, करून घ्या आणि तोंडाला रुमालाऐवजी एन-९५ मास्क लावायला सांगा. रुमाल बोंडाचे मोठे तंतू अडवतो, बारीक धूळ आत जातेच.

आपल्या भागात अजून काही गोष्टी ॲलर्जीच्या नावावर खपतात. नंदुरबारला मिरचीच्या पथारीजवळून जाताना ठसका लागला, भरीत पार्टीला काट्यांच्या जाळावर वांगी भाजताना डोळ्यांतून पाणी आलं, तर ती ॲलर्जी नाही, तो तिखटाचा आणि धुराचा मार आहे, तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला होणार. ॲलर्जी म्हणजे दहा जणांत एकालाच होतं आणि बाकीचे नऊ त्याच्याकडे बघत बसतात. अर्थात ज्याला आधीच दमा आहे त्याला त्या धुरानं अटॅकपण येऊ शकतो, म्हणून त्यानं भरीत खायला यावं, भाजायला नाही.

बुरसलेला कडबा किंवा कुट्टी हाताळणारे काही जण सांगतात की काम करताना काही होत नाही पण चार-आठ तासांनी, संध्याकाळी, थंडी वाजून ताप येतो, खोकला, दम लागतो, सकाळी बरं. परत कुट्टी, परत तेच. ही बुरशीमुळे फुफ्फुसाला येणारी सूज आहे, तिच्यावर मलेरियाची आणि टायफॉइडची औषधं खाऊन लोक थकतात. आणि एक गोष्ट जीवावरची. कपाशीवर फवारणी करून आलेल्या माणसाला नाक वाहतंय, तोंडाला लाळ सुटलीय, डोळ्यांतून पाणी, छाती आवळतेय, मळमळ, घाम, आणि डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालीय, तर ती सर्दी नाही आणि ॲलर्जी पण नाही, ती विषबाधा आहे. २०१७ साली यवतमाळकडे फवारणीच्या विषबाधेत माणसं गेली ते आठवत असेल. कपडे काढा, साबणानं अंग धुवा, औषधाची बाटली बरोबर घ्या आणि सिव्हिल गाठा, तेवढ्यात कांदा हुंगवत बसू नका.

आता मुलगा. "रातभर खोकस हो डॉक्टर, अन सकायले काहीच नही", हे वाक्य आमच्याकडे आया इतक्यांदा म्हणतात की ऐकलं की मी पुढचे तीन प्रश्न लगेच विचारतो. हसताना, पळताना, थंड खाल्ल्यावर खोकला येतो का? घरात कुणाला दमा, ॲलर्जी, इसब आहे का? प्रत्येक सर्दी छातीत उतरते का, म्हणजे बाकीच्या मुलांची सर्दी आठवड्यात जाते आणि याची तीन आठवडे छातीत राहते? तिन्हीला हो आलं तर दम्याचा विचार करावाच लागतो. ताई, तुमच्या घरात मिस्टरांना ॲलर्जी असेल तर दुसऱ्याचं उत्तर आलंच. दमा म्हणजे माणूस धापा टाकतोय आणि छातीत शिट्टी वाजतेय असंच आपल्या डोक्यात असतं, पण मुलांत कित्येकदा नुसता खोकला असतो, रात्री दोन ते पहाटे पाचच्या दरम्यान, श्वासनळ्या त्या टायमाला निसर्गतःच जरा आकसतात आणि यांच्या जास्त आकसतात. तुम्ही एक करा, तो झोपला की खोली शांत करून कान त्याच्या पाठीला लावा आणि श्वास सोडतानाचा आवाज ऐका. घेतानाचा नाही, सोडतानाचा. बारीक सुंईं ऐकू आली तर मोबाईलमध्ये रेकॉर्ड करून ठेवा, कारण दुपारी माझ्यासमोर बसेल तेव्हा छाती स्वच्छ असेल आणि तुम्हीच खोट्या पडाल. नाकाच्या शेंड्याच्या जरा वर आडवी रेघ आहे का तेपण बघा, नाक तळहातानं वर घासून घासून पडते ती, आणि डोळ्यांखाली काळं. ही मुलं नाक पुसत नाहीत, वर ढकलतात.

दमा म्हटलं की आयांचं तोंड उतरतं, आणि पंप, म्हणजे तोंडानं औषध ओढायचा इनहेलर, म्हटलं की सासू उठून उभी राहते, "पंपाची सवय लागते." नाही लागत. साधा हिशोब सांगतो. तुमच्या पुडीतली ती बारीक पांढरी गोळी बहुधा स्टेरॉइड असणार, तिघांनाही दुसऱ्या दिवशी एकदम बरं वाटलं असं तुम्ही लिहिलंय त्यावरून म्हणतो. दहा मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे दहा हजार मायक्रोग्रॅम, आणि ती सगळ्या अंगात फिरते. पंपाचा एक पफ शंभर-दोनशे मायक्रोग्रॅमचा, तोही थेट श्वासनळीत. ज्या घरात पंपाला घाबरतात त्याच घरात ती गोळी वर्षातून दहा वेळा मुलाच्या पोटात जाते, याला काय म्हणावं! पंप द्यायचा झाला तर मुलांना स्पेसरमधून द्या, तो प्लास्टिकचा डबा, नाहीतर औषध जिभेवर बसतं, आणि स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरायला लावा. पण आधी निदान. सहा वर्षांच्या पुढचं मूल बहुधा फुंकायची टेस्ट करू शकतं, आधी फुंकायचं, मग औषध देऊन पंधरा-वीस मिनिटांनी परत फुंकायचं, दुसऱ्या वेळी आकडा चांगला वाढला तर दम्याच्या बाजूनं पुरावा. एखाद्या दिवशी टेस्ट नॉर्मल आली म्हणून दमा नाही असंही होत नाही, तो येणारा-जाणारा आजार आहे.

लहान मुलांच्या बाबतीत न्यूमोनिया कसा ओळखायचा हे प्रत्येक घराला आलं पाहिजे, त्याला स्टेथोस्कोप लागत नाही. मूल शांत असताना, रडत नसताना, अंगातलं झबलं वर करा आणि पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा, मोबाईलचं घड्याळ लावून, पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही कारण लहान मुलांचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, तर तो जलद श्वास, त्याच दिवशी दवाखाना. आणि श्वास घेताना बरगड्यांच्या खाली खळगा पडतोय, पोट उडतंय, दूध ओढत नाही, सुस्त पडलंय, ओठ निळसर, तर दवाखाना नाही, थेट मोठं हॉस्पिटल, रात्री दोन वाजता असेल तरी. नाक चोंदलेलं असलं की छातीत घरघर ऐकू येते आणि आया घाबरतात, ती बऱ्याचदा नाकाची असते. सलाइनचे थेंब टाकून नाक मोकळं केलं आणि घरघर गेली तर नाकच होतं. श्वासाचा आकडा मात्र खोटं बोलत नाही.

आता कफ सिरप. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे विषारी डायइथिलीन ग्लायकॉल निघालेल्या खोकल्याच्या सिरपनं लहान मुलं दगावली. त्यानंतर केंद्रानं परत बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं द्यायची नाहीत आणि पाचच्या खाली साधारणपणे देऊच नयेत. क्लोरफेनिरामाइन-फेनिलेफ्रिनची जी जोडी बहुतेक सर्दीच्या सिरपात असते तिच्यावर डिसेंबर २०२३ मध्येच चार वर्षांखालच्या मुलांसाठी मनाई झालीय. तरी काउंटरवर मागितलं की मिळतं. मागू नका. एक वर्षाच्या पुढच्या मुलाला झोपताना चमचाभर मध चालतो, एक वर्षाच्या आत मध अजिबात नाही.

ती अझिथ्रोमायसिन तर तिघांनाही कशासाठी दिली हे मला कळलेलं नाही. व्हायरसवर चालत नाही, ॲलर्जीवर चालत नाही, दम्याचं ते औषध नाही, टीबीचं नाही. "तीन दिवसांचा कोर्स घेतला आणि बरं वाटलं" म्हणतात ते खरंय, कारण चौथ्या दिवशी सर्दी तशीही उतरणारच होती, आणि बरोबर स्टेरॉइड होतं. नाक मोकळं करायच्या झायलोमेटाझोलीनच्या थेंबांचंही तसंच, तीन ते पाच दिवसांच्या वर टाकू नका, मग थेंबाशिवाय नाक उघडतच नाही आणि माणसाला वाटतं ॲलर्जी वाढली. मिस्टरांना ॲलर्जी ठरली तर नाकाचा स्टेरॉइड स्प्रे हे जास्त कामाचं औषध आहे, पण तो दोन फवारे मारून लगेच फरक मागायचा नाही, आठ-पंधरा दिवस रोज मारावा लागतो, उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हातानं उजव्या, तोंड बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याकडे, मधल्या पडद्यावर नाही, नाहीतर रक्त येतं. गोळी घ्यायची तर जिच्यानं झोप येते ती घेऊन जिनिंगच्या मशीनवर उभं राहू नका. आणि शे-दोनशे वस्तूंची रक्ताची ॲलर्जी टेस्ट करून हजारो रुपये घालवू नका. त्यात वांगं, तूर, केळी, गहू सगळंच थोडं थोडं पॉझिटिव्ह येतं, मग जळगावचा माणूस भरीत सोडतो, केळी सोडतो, आणि शिंका तिथंच. रक्तात पॉझिटिव्ह आलं म्हणजे त्रासही त्याचाच असं नसतं. विचारपूस करून ज्यावर संशय आहे तेवढंच तपासायचं, आणि कातडीवरची टेस्ट करायची असेल तर ॲलर्जीच्या गोळ्या आधी काही दिवस बंद ठेवाव्या लागतात, हे आधी फोनवर विचारून घ्या, नाहीतर फेरी फुकट जाते.

आता आबा. बिडी ओढणाऱ्या माणसाचा खोकला घरात कुणी मोजतच नाही, "त्यांना आहेच" म्हणून. आहेच ते खरं, वर्षानुवर्षांची बिडी असली की सकाळचा खोकला, बेडका, जिना चढताना दम, हा सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार, असतो, आणि चुलीवर आयुष्य घालवलेल्या बायकांनाही बिडी न ओढता तो होतो. त्याची खूण ही की तो हळूहळू वर्षांमध्ये वाढतो आणि दम्यासारखा पूर्ण मोकळा कधी होत नाही. पण आबांचा हा खोकला तीन आठवड्यांचा नवा आहे, संध्याकाळची कणकण आहे, आणि शुगर आहे. दोन आठवड्यांच्या वर खोकला गेला की टीबी तपासायचा, हा सरकारी नियम आहे आणि तो बरोबर आहे. रात्री घाम येतो का, वजन उतरलंय का, पायजम्याची नाडी जास्त ओढावी लागते का, बेडक्यात रक्त दिसलं का, विचारा. हे काहीच नसलं तरी तपासायचं. शुगरवाल्यांना टीबीची शक्यता जास्त असते आणि लक्षणं कधीकधी कमी दिसतात. बिडीमुळे फुफ्फुसातल्या गाठीची, म्हणजे कॅन्सरची, शंकापण मनात ठेवावी लागते, म्हणून एक्सरे हवाच. टीबी नाही निघाला आणि खोकला कोरडा असला तर बीपीच्या गोळीचं नाव मला कळवा. रामिप्रिल, एनालाप्रिल या गटातल्या गोळ्यांनी काही जणांना महिनोन्महिने कोरडा खोकला येतो, गोळी बदलली की जातो. पण डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करायची नाही, आणि कणकण त्या गोळीनं येत नाही.

खर्चाची काळजी करू नका. ग्रामीण रुग्णालयात थुंकीची तपासणी फुकट होते, सीबीनॅट किंवा ट्रुनॅट मशीनवर काही तासांत टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देतो का दोन्ही कळतं. निघालाच तर साध्या टीबीची औषधं सहा महिने, तीपण फुकट, आणि पोषणासाठी सरकारकडून खात्यावर महिना एक हजार रुपये येतात, नोव्हेंबर २०२४ पासून, आधी पाचशे होते. घरात लहान मूल आहे हे तिथल्या टीबीच्या कर्मचाऱ्याला आठवणीनं सांगा, मुलाची तपासणी आणि गरज असेल तर प्रतिबंधक गोळ्या तेच बघतात. मग मुलाच्या खोकल्याकडेही त्या नजरेनं एकदा बघायला लागेल, म्हणूनच म्हटलं आबा आधी.

थुंकी कशी द्यायची ते नीट सांगा त्यांना, कारण निम्मे लोक लाळ देऊन येतात आणि रिपोर्ट निगेटिव्ह येतो. सकाळी उठल्याबरोबर साध्या पाण्यानं चूळ भरायची, अंगणात मोकळ्या हवेत जायचं, घरात नाही, दोन-तीन खोल श्वास घ्यायचे आणि छातीतून खोकून घट्ट बेडका डबीत टाकायचा. झाकण लावायचं आणि त्याच सकाळी पोचवायची. आणि नमुना देईपर्यंत मेडिकलवरून आणलेली कुठलीही ॲंटिबायोटिक चालू करायची नाही, खास करून लिव्होफ्लॉक्सासिन, तिच्यानं टीबी बरा होत नाही पण थोडे दिवस दबतो आणि तपासणीत सापडत नाही. शुगरची आणि बीपीची गोळी मात्र नेहमीच्या वेळेला द्या.